शनिवारची शेगडी

भरताचं वांगं डोळ्यांनी घेत नाहीत, हातात तोलून घेतात. दिसायला मोठं आणि हाताला हलकं असलं तर घ्यावं. जड लागलं तर आत नुसत्या बिया. शुक्रवारी दुपारी जळगावच्या बाजारात संघमित्रा बामणोदची हिरवी वांगी अशी एकेक तोलत उभी होती, तेव्हा पिशवीतला फोन किणकिणला. मिलकाचा आवाजी निरोप होता. मिलका वाकरूळकर ही तिची भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली ज्यू मैत्रीण. तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली ती आता अश्दोद नावाच्या समुद्रकाठच्या गावात नातवंडांची आजी होऊन बसली होती; मराठी मात्र अजून कॉलनीतलंच, तिकडे नेऊन बरणीत घालून ठेवल्यासारखं. संघमित्रानं एका हातात वांगं तसंच धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. ‘मित्रा, तुझं भाषण पाहिलं गं. आमच्या सरकारला तू जे बोललीस ना, तेच मी दर शनिवारी चांदण्या निघाल्या की इथं चौकात उभी राहून ओरडते. शेजारीण मला फितूर म्हणते. म्हणू दे. पण तुझ्यानंतर तो माणूस काय बोलला, तेपण पाहिलं. आणि तू हसतेस, मित्रा.’ मग नुसती घरघर, मागं कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज, आणि निरोप संपला. शेवटी वांगेवालीच म्हणाली, ‘घेता का नाई मावशी? का हातातच भाजता त्याले?’

घरी येऊन तिनं भाषणाचा, मंचाच्या गटातून सगळीकडं फिरलेला तो व्हिडिओ पुन्हा लावला. गेल्या रविवारी यावल रस्त्याला एका शेतात त्यांच्या विचारमंचाची भरीत पार्टी झाली होती. निवृत्त मास्तर, निवृत्त प्राध्यापक, निवृत्त बँकवाले; माणूस निवृत्त झाला की त्याला विचार सुचतात, आणि खानदेशात थंडीत विचार सुचले की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी टाकावीच लागतात. त्या दिवशी गाझातल्या युद्धाच्या निषेधाचा ठराव होता. ठराव संघमित्रानंच लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. सदतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई. आधी ओलीस नेलेल्या माणसांबद्दल लिहिलं, मग ढिगाऱ्याखालच्या मुलांबद्दल लिहिलं, आणि मग ज्या सरकारनं ते ढिगारे केले त्याला सोडलं नाही. मग तिनं तो उभं राहून मांडला. टाळ्या झाल्या. मग मंचाचे अध्यक्ष योगेंद्र सर हातात पुरी घेऊन उठले आणि म्हणाले, ‘मॅडम छान बोलल्या. पण मी स्पष्टच सांगतो, हे लोक असेच. जगानं यांना ठिकठिकाणाहून उगाच नाही हाकललं.’ सगळे खो खो हसले. कॅमेरा फिरत फिरत संघमित्रावर आला. हातात द्रोण, आणि चेहऱ्यावर हसू.

ती ते हसू पुन्हा पुन्हा पाहत राहिली. कसलं होतं ते? तिला काही गंमत वाटली नव्हती, हे तिला नक्की आठवत होतं. त्या क्षणी तिला काहीच वाटलं नव्हतं. ओठ आपोआप फाकले होते, पायरी चुकली की हात कठड्याला जावा तसे. आणि मग तिला ओळख पटली. हे तिचं शिक्षकांच्या खोलीतलं हसू होतं. नोकरी लागली त्या पहिल्याच वर्षी मधल्या सुट्टीत एक सहकारी डबा उघडता उघडता म्हणाले होते, ‘तुमच्या लोकांचं बरं आहे बाई, सरकार तुमचंच,’ आणि सगळे हसले होते, आणि नव्यानं रुजू झालेली संघमित्रा, काय करणार, तीही हसली होती. पुढं ते हसू अंगवळणी पडलं. बढतीच्या वेळी, स्नेहसंमेलनात, सहलीच्या बसमध्ये. कुणी ‘तुमचे लोक’ म्हणालं की ओठांना आपली जागा माहीत. इतकी वर्षं तिनं ते स्वतःसाठी वापरलं होतं, अपमान गिळायला पाण्याचा घोट लागतो म्हणून. रविवारी ते दुसऱ्याच्या अपमानावर खर्च झालं. तिला लाज वाटली. अगदी उघड, कान तापवणारी लाज वाटली.

लाज वाटली की माणूस आधी वकील शोधतो. तिला भाचा मिळाला. प्रशील, भावाचा मुलगा, तिच्याच घरी राहून औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणारा. शनिवारी सकाळी चहा पिता पिता त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आत्या, हे ठरलेलं असतं. इथं सरकारला बोललं की देशद्रोही, तिथल्या सरकारला बोललं की ज्यूंचा द्वेष. तोंड बंद करायची युक्ती आहे ती. तू कशाला मनाला लावून घेतेस?’ बोलणं खोटं नव्हतं. असं होतं, हे तिनं वाचलंही होतं. बुडत्याला काडी मिळाली. तिनं चष्मा लावला आणि बोटानं एकेक अक्षर दाबत मिलकाला लिहिलं: ‘सरकारवर टीका म्हणजे लोकांचा द्वेष नव्हे. ढिगाऱ्याखाली मुलं असताना तुला माझं हसणं दिसावं, याचं वाईट वाटलं.’ वाक्य तिला तेव्हा फार छान वाटलं. पाठवलं. त्याच्याखाली एकच बारीक खूण उमटली. पोचल्याची दुसरी खूण काही येईना. दहा वाजले, अकरा वाजले, तरी एकच. प्रशीलनं जाता जाता वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘ब्लॉक केलं असेल.’ आणि गाडीला किक मारून गेला. पोरं अशी एका शब्दात पन्नास वर्षं उडवून लावतात.

ती खिडकीशी बसून राहिली. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर रजया वाळत टाकल्या होत्या. पन्नास वर्षं कसली, त्याहून जास्त. भुसावळला तिचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे कामगार. त्यांची खलाशी लाइन, आणि मैदानापलीकडं मिलकाची गार्ड लाइन. संघमित्रा हे नाव धर्मांतरानंतर वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. कॉलनीत कुणाच्या जिभेवर ते बसायचं नाही, जातीचं जुनं नाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ. मिलकानं पहिल्याच दिवशी त्याचे दोन तुकडे करून एक उचलला. मित्रा. वाकरूळकरांचं घर निराळं होतं, एवढंच कॉलनीला कळायचं. दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली पितळी नळी, येताजाता तिला बोट लावून ते बोट ओठाला लावायचं. आणि शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र वार; शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी तारे निघेपर्यंत त्या घरात कुणी विस्तव पेटवायचा नाही. गार्डसाहेबांची शनिवारी ड्यूटी असली तर ते मुकाट्यानं हिरवी झेंडी घेऊन जायचे; देवाला रेल्वेचं वेळापत्रक माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. पण घरातली आजी कडक. थंडीचे दिवस, तिचे संधिवाताचे गुडघे, आणि शेगडी गार. पेटवायची नाही, आणि दुसऱ्याला पेटव म्हणून सांगायचंही नाही. मग आजी भिंतीशी बोलायची. ‘भिंती, तुला थंडी वाजत नाही का गं?’ भिंत काही बोलायची नाही. संघमित्रा उठायची, काडी ओढायची, कोळशांवर कागदाचा बोळा पेटवून वारा घालायची. आजी शेगडीकडं हात पसरून पुन्हा भिंतीलाच म्हणायची, ‘शहाणी आहेस हो.’

आज आठवलं तरी त्या खोलीचा वास येतो. कोळशाचा, नारळाचा, आणि कुठल्याशा नवसाला केलेल्या मलिद्याचा; गूळखोबऱ्यात कालवलेले पोहे आणि वर यावलची केळी. त्या वयात तिला कॉलनीतल्या बाकीच्या घरांचे फक्त व्हरांडे माहीत होते. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून पडायचं. आणि इथं तिला थेट स्वयंपाकघरात, चुलीपाशी. पहिल्या शनिवारी ती घाबरून घरी पळत आली होती. आई कलाबाई धुळ्याकडची, तिची अहिराणी भुसावळात राहूनही सुटली नव्हती. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, ‘काय व्हयनं वं?’ मग ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, ‘आपला हातना इस्तो त्यास्ले चालस ना? मंग जाय. रोज जाय.’ संघमित्राला नंतर, शिकल्यासवरल्यावर, कधीमधी शंका यायची: ते प्रेम होतं की सोय? त्यांना परक्याचा हात लागायचा म्हणून तर तिचा हात चालायचा. पण सोय म्हणावी तर सोय तर सगळ्यांनीच करून घेतली होती. तिच्या वडिलांनी रूळ उचलले ती सोयच, आईनं अंगणं झाडली ती सोयच. त्या सगळ्या सोयींत ‘शहाणी आहेस हो’ असं एकाच घरी ऐकू आलं. शनिवारी संध्याकाळी दोघी मैदानात आकाशाकडं माना करून उभ्या राहायच्या. एक तारा दिसला की मोजायचा नाही, दोन दिसले की गप्प राहायचं. तिसरा दिसला की मिलका घराकडं धावत सुटायची आणि ओरडायची, ‘तीन झाल्या! तीन झाल्या!’ तारा पुल्लिंगी असतो, हे तिला कुणी सांगितलं तरी ती ऐकायची नाही. तिच्या हिशेबी त्या चांदण्याच. तीन झाल्या की दिवे, तीन झाल्या की चहा, तीन झाल्या की मनात साठलेलं सगळं बोलायचं.

आणि तो नळ. उन्हाळ्यात पाणी आटलं की दोन्ही लायनींना मैदानातला एकच नळ उरायचा. रांगेत यशोदाबाई पुढं होत्या, पार्सल ऑफिसातल्या बाबूंच्या बायको. संघमित्राची कळशी नळाच्या तोटीला लागली म्हणून त्यांनी आपला हंडा बाजूला ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘ह्या लोकायचं असंच राह्यतं माय.’ रांग हसली. संघमित्रानं कळशी मागं घेतली. मिलका मागं होती, दोन वेण्या, चौकडीचा फ्रॉक. तिनं बादली खाली ठेवली आणि पुढं येऊन विचारलं, ‘कोण लोक?’ यशोदाबाई म्हणाल्या, ‘तुले काय करनं?’ ‘नाही पण, कोण लोक?’ कुणीतरी तिला ओढलं. ‘सांगा ना, कोण लोक?’ भांडण नाही, रडणं नाही. मास्तरीणबाईंना न समजलेलं उदाहरण विचारावं तसं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा रांगेतलं हसू आटलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा यशोदाबाई अर्धाच हंडा उचलून चालत्या झाल्या. मिलकानं संघमित्राची कळशी नळाखाली सरकवली. त्या प्रसंगाबद्दल दोघी पुढं कधी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं मिलकाला वाटलंच नसणार.

दुपारी संघमित्रानं योगेंद्र सरांना फोन लावला. व्हिडिओ मंचाच्या गटातून काढा आणि तुमच्या त्या वाक्याबद्दल दोन शब्द लिहा, एवढंच तिनं मागितलं. सर जेवून लवंडलेले असावेत. ‘अहो मॅडम, ठराव तर तुम्हीच लिहिला.’

‘ठराव सरकारबद्दल होता सर. तुम्ही लोकांबद्दल बोललात.’

‘एकच ते. शितावरून भाताची परीक्षा.’

‘मग गेल्या वर्षी धुळ्याकडच्या त्या वस्तीतली घरं पाडली, तेव्हा मी ठराव मांडला होता. माझी मावसबहीण त्यात होती. तेव्हा तुम्ही म्हणालात, मंचावर सरकारविरुद्ध काही नको.’

‘तो विषय वेगळा. आपलं सरकार आहे, आपल्याला इथं राहायचंय.’ सर थोडे हसले. ‘आणि तुमच्या लोकांचं तुम्हाला जरा जास्तच वाटतं, राग मानू नका.’

तिच्या ओठांचा कोपरा हलला. तिला तो हललेला कळला. फोनवर कुणी बघत नव्हतं, तरी तो हलला. काय ही सवय! तिनं हातानं तोंड पुसलं, खरकटं पुसावं तसं, आणि फोन ठेवला. मनातल्या मनात मात्र ती वाद घालत राहिली. सातासमुद्रापलीकडच्या सरकारवर तुटून पडायला यांची छाती छप्पन्न इंचांची, आणि घराशेजारचा प्रश्न आला की यांना झोप येते. तिकडं सरकार आणि लोक एकच, इकडं सरकार आणि देश एकच. मधल्या मध्ये माणूस कुठं गेला? आणि ती स्वतः? तिनं तरी सकाळी काय केलं होतं? मिलकानं हसण्याबद्दल विचारलं होतं. तिनं उत्तर सरकारबद्दल दिलं होतं. मेलेल्या पोरांना आणून आपल्या हसण्यापुढं उभं केलं होतं, आडोसा म्हणून. त्या पोरांचं दुःख तिनं स्वतःची अब्रू झाकायला वापरलं होतं. सकाळचं छान वाटलेलं वाक्य आता तिला वाचवेना. भाषणातला एक शब्दही ती मागं घेणार नव्हती. हे वाक्य मात्र जाळून टाकण्याच्या लायकीचं होतं, आणि ते तर गेलं होतं, बाणासारखं. एकच खूण. ब्लॉक केलं असेल. मिलकानं दार लावून घेतलं, आणि बरोबरच केलं.

चार-साडेचारला तिनं कालची वांगी काढली. दुःख असो सुख असो, आणलेली वांगी वाया घालवायची नाहीत. तेलाचा हात फिरवला, सुरीनं टोचे दिले, गॅसवर ठेवली आणि लायटर दाबला. पेटेना. थंडीत तो असाच रुसतो. तिनं काड्यापेटी शोधली, काडी ओढली, ज्योत हाताच्या आडोशात धरली, आणि हात तिथंच थांबला. गंधकाचा वास नाकात गेला. तो वास, ती थंडी, तो आडोसा. भिंती, तुला थंडी वाजत नाही का गं? आज वार कुठला? तिनं कॅलेंडरकडं पाहिलं, उगाचच, कारण वार तिला माहीत होता. प्रशीलची उद्या सुटी होती. शनिवार. काडी बोटापर्यंत जळत आली, चटका बसला. संघमित्रा ओट्याला टेकून मोठ्यानं हसली, एकटीच. अगं बाई, शनिवार! फोन कसा घेणार ती? विस्तव बंद तसा फोनही बंद. कालच दिवे लावायच्या आधी बंद करून कपाटात टाकला असणार. ब्लॉक नाही, राग नाही, दार लावणं नाही. साऱ्या खानदेशात शनिवार म्हणजे काय हे ज्या एका बाईला माहीत असायला हवं, जिनं लहानपणी शनिवारच पेटवले, तीच नेमकी विसरली. कपाळाला हात लावून ती हसत राहिली, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. म्हणजे निरोप अजून वाचला गेला नव्हता. तिकडच्या तिसऱ्या चांदणीपर्यंत वेळ होता.

तिनं वांगी तशीच ठेवली, फोन घेतला आणि सकाळचं वाक्य पुसलं. त्या जागी ‘हा संदेश हटवला आहे’ अशी पाटी उरली. उरू दे. काहीतरी पुसलं हे मिलकाला कळलेलं बरं. मग मंचाचा गट उघडला. तो व्हिडिओ तसाच होता, खाली अंगठे, हात जोडलेले, हसून लोळणारे पिवळे चेहरे. पुष्कळ काही लिहिता आलं असतं. इतिहास शिकवलेली बाई, तिच्याकडं दाखल्यांना काय तोटा? पण दाखल्यांना योगेंद्र सरांकडं उत्तरं असतात. तिनं दोनच शब्द लिहिले. ‘कोण लोक?’ थोड्या वेळानं सरांचं आलं, ‘मॅडम, गंमत होती ती.’ तिनं पुन्हा लिहिलं, ‘कोण लोक?’ कुणी म्हणालं, कशाला वाढवता. कुणी म्हणालं, तुमच्या विद्वत्तेला शोभत नाही. एकानं भरताची पाककृती टाकली. ‘सांगा ना सर, कोण लोक?’ पासष्टी उलटलेली बाई ती, आणि तरी तिला मैदानातल्या ओल्या मातीचा वास येत होता. चौथ्यांदा तिनं लिहिलं. पाचव्यांदा लिहायला गेली तर लिहायची जागाच नाहीशी झालेली. हितेंद्र गटाचा व्यवस्थापक, गुणी माणूस. त्यानं सोय करून ठेवली होती. आता फक्त व्यवस्थापकच संदेश पाठवू शकत होते. संघमित्रानं त्या ओळीकडं पाहिलं. महिन्यातून एकदा पुरीभरीत आणि चार शहाणी माणसं, एवढंच तिचं निवृत्तीतलं जग होतं, तेही गेलं. वाईट वाटलं. वाटायचंच. पण ओठ जागच्या जागी होते, हेही तिच्या लक्षात आलं.

अंधारताना ती गच्चीवर गेली. शाल घेतली होती तरी गार लागत होतं. कुठंतरी पऱ्हाट्या पेटल्याचा धूर होता, आणि लांब भुसावळच्या बाजूला इंजिनाची शिट्टी झाली. एक चांदणी दिसली, मोजली नाही. दुसरी दिसली, ती गप्प राहिली. पाण्याच्या टाकीवर तिसरी आली तेव्हा तिचे पाय धावण्यासाठी हलले आणि मग तिला आठवलं, तिकडं अजून ऊन आहे. आपल्या चांदण्या त्यांच्या उपयोगाच्या नाहीत. ती खाली आली, वांगी भाजली, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातली. प्रशील जेवून म्हणाला, ‘आत्या, आज झक्कास झालंय.’ भांडी झाली, बातम्या झाल्या. फोन ओट्यावर उताणा ठेवलेला होता. आता तिकडं मिलका खिडकीशी मान वर करून उभी असेल, चौकात जायची चप्पल घालून. मग कपाट उघडेल, ती पुसल्याची पाटी बघेल. काय वाटेल तिला? आपण काय सांगणार? हसले कारण हसायला शिकले होते, एवढं एक वाक्य तिच्याकडं होतं. ते माफी होतं की नुसतं कारण, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

फोनला उजेड आला. मिलकाच होती; या खेपेला आवाज नव्हता, लिहिलं होतं. बोटांना मराठीची सवय उरली नव्हती, अक्षरं अडखळत आलेली.

‘तीन झाल्या. बोल आता.’